डाव्या अंगाला

पाचर. लोखंडाची, बोटाच्या पेराहून जराशी लहान, घणाच्या डोक्यातून वर डोकावणारी... आणि तिच्या एका कडेला, लाकूड आणि लोखंड यांच्या मधे, एक काळी रेघ. सुताएवढी. परवा काम थांबलं तेव्हा नव्हती. थोरलीनं घण मांडीवर आडवा घेतला, रेघेवरून अंगठ्याचं नख फिरवलं, तर नख आत गेलं. मग तिनं एका हातानं डोकं धरून दांडा थोडासा पिळला, तशी आतून खुळ्ळ असा बारीक आवाज आला, हलत्या दाताचा येतो तसा, आणि तिनं पटकन अंगठा त्या रेघेवर दाबून धरला. कोणीतरी बघत असल्यासारखा. बघत कोणीच नव्हतं. भट्टी पेटायची होती, समोरच्या शिंप्यानं दुकानाचं अर्धंच शटर वर केलं होतं, आणि धाकटी वरच्या मजल्यावरून जिना उतरत होती. उतरताना गुणगुणत होती.

गुणगुणत होती! सकाळी साडेसातला. सेहेचाळीस वर्षांची बाई.

सैल घण हातात धरायचा नाही, हा या कामाचा पहिला धडा. बाबांनी दोघींना हातोडीचं नाव शिकवायच्या आधी हे शिकवलं होतं. कुठल्याशा कारखान्यात एकदा घणाचं डोकं दांड्यावरून सुटलं आणि समोर सांडशी धरून बसलेल्या माणसाचा खालचा जबडा घेऊन गेलं. तो माणूस पुढं वीस वर्षं जगला, पण रुमाल बांधून. बाबा हे सांगताना स्वतःची हनुवटी चाचपायचे. आणि काम तरी केवढं? दांडा उलटा धरून दोनदा आपटायचा, पाचर ठोकायची, घण पाण्यात बुडवून ठेवायचा म्हणजे लाकूड फुगतं. पाच मिनिटं. भट्टी तापेपर्यंत दहा वेळा होईल.

थोरलीनं घण उचलला आणि भिंतीला टेकवून ठेवला. रेघ भिंतीच्या बाजूला.

मी बघितलंच नाही, असं ती मनात म्हणाली. मग म्हणाली, बघितलं, पण एवढं काही नाही ते, दुपारी बघू. मग भट्टीतली राख काढायला लागली.

"ताई, झोप लागली का गं तुला?" धाकटी खाली आली, ओल्या केसांना फडकं गुंडाळत. "मला मेलीला डोळ्याला डोळा नाही."

"मला लागली की. चांगली घोरले."

"पानाचं सारखं डोक्यात येत होतं. फाटकाच्या पहिल्या बिजागरीच्या टोकाचं पान नीट वळलं ना, की बाकीच्या सात आपोआप येतील बघ." धाकटीनं टेबलावरचा तपकिरी कागद उलगडला, त्याच्या चारी कोपऱ्यांवर खिळ्यांचे डबे ठेवले. मग थांबली. "हाताला काय झालं तुझ्या?"

थोरलीनं बाही खाली ओढली. "ठिणगी."

"काल तर भट्टी बंद होती."

"परवाची."

धाकटीनं ओढलेल्या बाहीकडे बघितलं. "मलम लाव," एवढंच म्हणाली, आणि पुन्हा कागदावर वाकली.

ठिणगी कसली डोंबलाची. दात होते ते. थोरलीचे स्वतःचे, वरचे चार आणि खालचे तीन. काल दुपारी पत्र आलं. नवीन इस्पितळाच्या मोठ्या फाटकाचं काम, बारा कारखान्यांनी चित्रं पाठवली होती, त्यातून हिचं निवडलं. हिचं! पत्रात 'कारागीर' या शब्दापुढं एकच नाव होतं, आणि ते वाचताना धाकटी कोळशाच्या पोत्यावर चढली, खाली उडी मारली, थोरलीच्या गळ्यात पडली, तिला गरागरा फिरवलं — "ताई! ताई गं! आपलं फाटक!" — आणि थोरली हसली. चांगली तोंडभर हसली. पाठीवर थापा मारल्या. डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं तिनं, आलं म्हणा. मग मागच्या मोरीत गेली, नळ मोठा सोडला, आणि आपल्याच हाताला असा कडकडून चावा घेतला की तोंडात लोखंडाची चव आली. आपलं फाटक म्हणे! आपलं कुठलं? माझं नाव कुठं होतं त्या कागदावर? घणाचं नाव कोण लिहितं?

"काय पैलवान!" समोरून शिंपी ओरडला. गळ्यात टेप, हातात चहाचा पेला. गल्लीत थोरलीला सगळे पैलवानच म्हणत. एकावन्नावं लागलं तरी दंड तसेच. "बहिणीनं नाव काढलं म्हणायचं! तोंड कधी गोड करताय?"

"तुमचं तोंड गोड करून काय उपयोग शिंपीदादा? शिवण तिरकी ती तिरकीच यायची."

शिंपी खदखदून हसला. थोरलीही हसली. जीभ कशी बेमालूम चालते माणसाची, आतून सगळं पेटलेलं असलं तरी.

"आणि कारागीर कुठायत? अभिनंदन करायचंय त्यांचं."

कारागीर कुठायत! तीस वर्षं हेच. माणसं दारात येतात, दारात थोरली उभी असते, दारभर असते ती, आणि माणसं तिच्या खांद्यावरून आत बघत विचारतात, कारागीर आहेत का? जशी काही ही बाई म्हणजे दाराची एक फळी.

भट्टीचा पंखा घुंऽऽ करून लागला. धाकटीनं जाड पट्टी निखाऱ्यात खुपसली आणि दोघी आपापल्या जागी आल्या. जागा ठरलेल्या. ऐरणीच्या अलीकडे धाकटी, तिच्या डाव्या हातात सांडशी, सांडशीत लोखंड. उजव्या हातात लहान हातोडी. थोरली तिच्या डाव्या अंगाला, घण घेऊन. धाकटी हातोडीनं जिथं टक् करील तिथं थोरलीनं घण घालायचा. जेवढ्या जोरानं टक्, त्या बेतानं घण. आणि हातोडी लोखंडावर न पडता ऐरणीच्या कडेवर पडून टण् वाजली की थांबायचं, मग घण हवेत असला तरी. टक्—घण, टक्—घण, टण्. बोलायचं काम नाही. बत्तीस वर्षं या दोघी दिवसाला इतक्या वेळा असं बोलत आल्या आहेत की घरात जेवताना बोलायला काही उरत नाही.

पट्टी लाल झाली, नारिंगी झाली, पिकल्या लिंबासारखी पिवळी झाली, आणि धाकटीनं ती बाहेर ओढली. नेमकी. हिला कसं कळतं? भट्टीत तर सगळंच पिवळं दिसतं.

टक्.

थोरलीनं घण डोक्यावर घेतला. डोक्यावर असताना दांड्याच्या टोकाला ते खुळ्ळ तिच्या तळव्यांना कळलं, आणि तिनं घण घातला.

टक्. घातला. टक्. घातला. लोखंडावरचे काळे पापुद्रे उडाले, धाकटीच्या कातडी अंगरख्यावर पडून विझले. धाकटीची डावी मूठ ऐरणीपासून वीतभर. वीतभर! सांडशीच्या दांड्यांवर आवळलेली, पेरं पांढरी पडलेली, अंगठ्याजवळ तो जुना भाजल्याचा डाग. या मुठीनं चित्र काढलं नाही, ते उजवीनं. पण ही नसली तर उजवी काय करणार? लोखंड धरायलाच कोणी नसलं तर हातोडी कुठं आपटणार, स्वतःच्या डोक्यावर? एक घण. जरासा अलीकडे. बोटं अशी फुटतील, वाळक्या शेंगा पायाखाली फुटतात तशी, आणि पांढरं काहीतरी बाहेर येईल, आणि ती पत्र घेऊन उड्या मारणारी बाई तोंडाचा आ करून त्या हाताकडे बघत राहील. मी धावेन. सगळ्यांत आधी मीच धावेन. फडकं बांधीन, मांडीवर घेऊन बसेन, इस्पितळात रात्रभर जागेन, भरवीन तिला... जन्मभर भरवीन. आणि कारागीर कुठायत म्हणून कोणी विचारलं तर सांगेन, आत झोपल्यात, त्यांना आता होत नाही. किती प्रेमानं सांगेन मी ते! थोरलीच्या डोळ्यांत खरोखरचं पाणी आलं. तिनं घण घातला.

टण्.

थांबली. पट्टी काळसर लाल झाली होती. धाकटीनं ती परत निखाऱ्यात सारली आणि कोपरानं कपाळ पुसलं.

"आज जोर आहे गं तुझ्यात! एका तापात अर्धं काम झालं. असंच ठेव."

"ठेवते," थोरली म्हणाली.

आपण काय ठेवतोय ते तिला माहीत होतं, आणि माहीत आहे हेही आता तिला माहीत होतं, आणि तरीही ती पाण्याच्या कुंडीकडे गेली नाही. कुंडी चार पावलांवर होती. घण ऐरणीच्या पायाशी टेकवून ती त्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली, हनुवटी हातांवर, आणि निखाऱ्यांकडे बघत राहिली. पाय जागचे हलले तर शपथ.

बाबांची लाडकी. इथूनच सुरू व्हायचं नेहमी. बाबांची लाडकी, उशिरा झालेली, अंगापिंडानं किडकिडीत, म्हणून तिच्या हातात हातोडी आली. आणि थोरली धष्टपुष्ट, म्हणून तिच्या हातात घण. बैलाला औत आणि पोपटाला पिंजरा, ज्याचं त्याला. थोरलीचा काही दोष नाही, कोणी तिला विचारलंच नाही, कोणी संधीच दिली नाही... ही गोष्ट तिनं स्वतःला इतक्या वेळा सांगितली होती की तिच्या कडा हाताळून हाताळून गुळगुळीत झाल्या होत्या, कुठं काही टोचत नव्हतं. मग आज का टोचतंय? कोणी विचारलंच नाही... विचारलं नाही? की—

"काढते गं," धाकटी म्हणाली, आणि लिंबासारखं पिवळं लोखंड ऐरणीवर आलं.

टक्, घण. टक्, घण. आता आवाज लपण्यापलीकडे गेला होता. दर घावामागं खुळ्ळ, खुळ्ळ, डोकं दांड्यावर अर्धं सूत वर सरकून परत बसत होतं. समोर शिंप्यानं मशीनचा पाय थांबवला. मान वर केली. गल्लीच्या पलीकडून त्या माणसाला ऐकू आलं! ज्यानं जन्मात लोखंडाला हात लावला नाही, कातरी सोडून, त्याला वाटलं की काहीतरी वेगळं वाजतंय. आणि घणापासून हातभर अंतरावर, मान खाली घालून, ओठ दुमडून, ही आपली टक् टक् करते आहे. हिला कसं ऐकू येत नाही? सगळं ऐकू येतं हिला. लोखंडाला चीर गेली तर हातोडीच्या आवाजावरून सांगते. मग हे? का ऐकू येत नाही हिला?

डाव्या अंगाला आहे म्हणून.

मी डाव्या अंगाला उभी आहे म्हणून. तो कान गेलेला आहे म्हणून. फडक्याखालून तो बाहेर आला होता, लालबुंद, घामेजलेला, दिसायला उजव्यासारखाच, आणि थोरली घण डोक्यावर धरून त्याच्याकडे बघत होती. कसा गेला तो कान? ताप आला होता लहानपणी, असं लोकांना सांगतात. धाकटीच सांगते. ताप. कुठला ताप?... आणि गुळगुळीत गोष्ट मधोमध फुटली.

हातोडी होती. माझ्या हातात होती हातोडी! अकरा महिने. मी एकोणीस, ही चौदा, ही भाता ओढत होती, तेव्हा पंखा नव्हता, चामड्याचा भाता होता, आणि बाबांनी हातोडी आधी मलाच दिली होती, थोरली म्हणून, रीतसर, सगळ्यांसमोर. विटांच्या भट्टीवाल्याच्या गाड्याचा आस होता. महागाचं पोलाद. गाडीवाला दारात उभा होता आणि मी ऐटीत, सांडशी अशी धरून... आणि मागून ही म्हणाली, "ताई, पांढरं पडतंय. काढ." हळूच म्हणाली. गाडीवाल्याला ऐकू जाऊ नये म्हणून हळूच. तिला माझ्याआधी दिसलं होतं. चौदा वर्षांच्या, भाता ओढणाऱ्या, नाक वाहणाऱ्या पोरीला, कोळशाच्या धुरातून, सहा हातांवरून दिसलं होतं आणि मला समोर असून दिसलं नव्हतं. आणि मी काढलं नाही. हे, हे! मला दिसत नव्हतं हे खरं, पण तिनं सांगितल्यावर दिसलं होतं. दिसलं, आणि मी आणखी दोन श्वास थांबले. मुद्दाम. हिनं सांगितलं म्हणून काढलं असं होऊ नये म्हणून.

जळलेलं लोखंड चर्रचर्र ठिणग्या टाकतं, आणि मग त्यावर घाव घातला की ते भिजलेल्या ढेकळासारखं फुटतं, त्याचं पुन्हा काही होत नाही. आस तीन तुकडे होऊन खाली पडला. बाबा आतून धावत आले. "कोणी?" एवढंच विचारलं त्यांनी. आणि थोरलीनं, थोरलीनं कसलं, मी, मी म्हणाले, "हिनं भाता जास्त मारला. मी नको म्हणत होते." वाक्य किती पटकन आलं! उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. बाबांचा हात केवढा होता. एकदाच उचलला त्यांनी, उघडा पंजा, आणि ती भात्यावरून बाजूला फेकली गेली, कोळशात पडली, उठून बसली, आणि कानातून एक बारीक लाल रेघ निघाली, गळ्यावरून खाली आली, झग्याच्या आत गेली. ती रडली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. बाबांकडे नाही, माझ्याकडे. मी आता बोलेन असं तिला वाटत असणार. बघत राहिली, बघत राहिली... मग तिनं नजर काढून घेतली आणि भात्याची दोरी पुन्हा हातात धरली.

आणि दुसऱ्या दिवशी हातोडी मला कोणी मागितली नाही. मीच ऐरणीवर ठेवली. "मला नको, मी घण मारते," म्हणाले. बाबांनी का म्हणून विचारलं नाही. त्यांना कळलं असेल? मला लोखंडाचा रंग कळत नाही हे त्यांना आधीच कळलं होतं का? माहीत नाही. मी दिली. मीच दिली ती हिला. बत्तीस वर्षं जी वस्तू हिनं लुटली म्हणून मी हिला मनातल्या मनात दररोज ठेचते आहे, ती मी स्वतःच्या हातानं खाली ठेवली होती.

मला हातोडी नको होती. मला ती हिच्याकडे नको होती, बस्स. जिचं आपण वाईट केलं तिचं भलं झालेलं माणसाला बघवत नाही. पडून राहिली असती, रडत राहिली असती, तर मी तिच्यावर जीव ओवाळून टाकला असता. पण ही गुणगुणते. एका कानानं गुणगुणते आणि जिना उतरते, आणि पत्र आलं की माझ्याच गळ्यात पडते, आणि त्याच बाजूला, त्याच कानाच्या बाजूला उभी राहून मी आज सकाळपासून—

घण खाली आलाच नाही.

तो हवेत तसाच थांबला, मग थोरलीनं तो मागं नेला आणि पायाशी टेकवला. टण् वाजली नव्हती. खुणेशिवाय घण थांबणं हे या ऐरणीवर कधी झालं नव्हतं. धाकटीची हातोडी टक् करून पुढच्या टक्ला निघाली आणि वाटेतच अडली.

"का गं? मार ना! थंड होतंय!"

"घण सैल आहे."

"आत्ता झाला?"

"सकाळपासून."

धाकटी वर बघायला लागली. पट्टीवरचा पिवळा रंग उतरला, नारिंगी झाला. तिनं तो उतरताना बघितला नाही. हे तर कधीच झालं नव्हतं. "सकाळपासून? तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग मारत का होतीस?"

आता सांगता येण्यासारखं पुष्कळ होतं. लक्षात राहिलं नाही. वाटलं, चालेल आजचा दिवस. वय झालं माझं. यातलं कुठलंही धाकटीनं मुकाट्यानं घेतलं असतं. सकाळी ठिणगी घेतली तशी. थोरलीनं खाली बघत, दांड्याशी बोलल्यासारखं, पुटपुटून टाकलं, "तुझा हात फुटावा म्हणून."

पंखा घुंऽऽ करत होता. धाकटीच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "काय म्हणालीस?"

ऐकू गेलं नव्हतं! सुटले, असं थोरलीला आधी वाटलं, अंगभर वाटलं. बोलून झालं, मन मोकळं झालं, आणि कोणाला कळलंही नाही. आणि लगेच त्या सुटण्याची तिला शिसारी आली. डाव्या अंगाला उभी राहून बोलले मी. कोणत्या कानाशी बोलावं हे माझ्या जिभेला बरोबर ठाऊक होतं. पुन्हा तेच. एकोणिसाव्या वर्षी जे केलं तेच, एकावन्नाव्या वर्षी, त्याच कानाशी.

तिनं दांडा सोडला. घण धप्पकन जमिनीवर पडला. ती ऐरणीला वळसा घालून निघाली. बत्तीस वर्षांत काम चालू असताना ती या बाजूला आली नव्हती. इथून भट्टी वेगळी दिसत होती, जवळची, आणि झळ थेट तोंडावर येत होती. ही रोज इथं उभी असते. थोरली धाकटीच्या उजव्या खांद्यापाशी उभी राहिली.

"तुझा हात फुटावा म्हणून मारत होते," ती म्हणाली. मोठ्यानं. "काल पत्र आलं तेव्हापासून. त्याच्या आधीपासून. आणि तो आस तू जाळला नव्हतास. तू सांगत होतीस काढ म्हणून. मी—"

"ते मला माहीत आहे," धाकटी म्हणाली. "तिथं मीच होते की."

शिंप्यानं मशीन पुन्हा सुरू केलं होतं. धाकटी तिच्याकडे बघत नव्हती. ती आपल्या डाव्या मुठीकडे बघत होती, सांडशीवरच्या. एकेक बोट तिनं सुटं केलं, पुन्हा आवळलं. रंग उडाला होता तिच्या तोंडाचा. डोळ्यांतून पाणी आलं, गालावरच्या काजळीतून ओघळलं, ते तिनं पुसलं नाही. ती ओरडेल, थोबाडीत मारेल, निखारे अंगावर फेकेल. थोरलीला वाटलं, फेकू दे. फेकावेतच. तिनं हात मागं बांधून घेतले.

"पाचर ठोक आधी," धाकटी म्हणाली. आवाज घोगरा होता. "मी पट्टी पुन्हा घालते."

"अगं, पण मी म्हणते ते—"

"ऐकलं मी. सगळं ऐकलं. आता नको. आता तोंड उघडू नकोस माझ्यासमोर." तिनं पट्टी निखाऱ्यात इतक्या जोरानं खुपसली की कोळसे बाहेर उडाले. "हे काम आज व्हायचंय. तुझ्यासाठी ते जाळायचं नाही मला."

थोरलीनं घण उचलला. दांडा उलटा करून जमिनीवर आपटला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, डोकं खाली बसेपर्यंत. पाचर ठोकली. एक जाड पाचर आणखी शोधून शेजारी ठोकली. कुंडीत घण बुडवला आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात ठेवून बसून राहिली. चावलेली जागा चुरचुरली. पाण्यात तिचा चेहरा दिसत होता, काळा, रुंद, कपाळाला आठ्या. कोण ही बाई? ही मारणार होती. खरंच मारणार होती का? की नुसतं... नाही. नुसतं नाही. दुपारी बघू म्हणाली होती ती. अपघात झाला असता आणि तिला तिचं स्वतःचंच रडणं खरं वाटलं असतं, बत्तीस वर्षं वाटलं असतं, हीच सगळ्यांत भयंकर गोष्ट होती. रडू येत नव्हतं. बरंच झालं. या वेळी रडण्यावर तिचा विश्वासच नव्हता.

"चल," धाकटी म्हणाली.

तिनं भिंतीवरची लांब सांडशी काढली होती. मोठ्या कामाची, हातभर लांब दांड्यांची, जड. एवढ्याशा पट्टीला ती कधी वापरत नाही, मनगट दुखतं. आता तिची मूठ ऐरणीपासून वीतभर नव्हती, हातभर लांब होती. थोरलीला ते पहिल्या क्षणी कळलं. बरोबर आहे, ती मनात म्हणाली. लागलं मात्र. घणापेक्षा जास्त लागलं. आणि बरोबर आहे.

टक्.

घण. आता तळव्यांत काही खुळखुळत नव्हतं, घाव सरळ लोखंडात जात होता. टक्, घण. कुठं उभं राहावं हे न कळून थोरली समोर, ऐरणीच्या नाकाशी, उभी राहिली होती. इथून तिला लोखंड सरळ दिसत होतं. इतकी वर्षं तिनं हातोडी पडते ती जागाच बघितली होती, भाकरीवरच्या डागाएवढी, आणि उरलेलं कधी बघितलंच नव्हतं. पट्टीचं टोक पातळ झालं, पसरलं, त्याला मधोमध शिरेसारखी एक कड उठली. धाकटी टोकाशी टिचक्या मारल्यासारखी हातोडी मारत होती, आता इथं, आता जरा इकडं, हलका दे, हलका... आणि पान वळायला लागलं. कागदावर जे होतं ते नव्हे. कागदावर ते नुसतं पान होतं. हे वाऱ्यानं मागून ढकलल्यासारखं एका बाजूनं उचललं जात होतं, तापलेलं, नारिंगी, आणि लोखंडाला हे जमतं हे लोखंडालाच माहीत नसावं.

"आलं," धाकटी म्हणाली. थोरलीला उद्देशून नव्हे. थोरली तिथं आहे हेही ती विसरली होती. "आलं, आलं, बघ कसं... ये बाई, ये..." आणि ती हसली. रागानं सुजलेल्या तोंडानंच हसली, गालावर मघाचं पाणी तसंच, काळं. चौदा वर्षांच्या पोरीसारखी, सगळे दात दाखवून.

थोरली घाबरली. आता येणार. ते नेहमीचं, पोटातून उठणारं, दात शिवशिवायला लावणारं... तिनं श्वास धरून वाट पाहिली. दुखऱ्या दाताला जीभ लावून बघावी तसं तिनं आत चाचपून बघितलं. ते होतं. एका कोपऱ्यात बसलं होतं, गेलं नव्हतं, उद्या उठेलही कदाचित, परवा नक्की. पण या घटकेला त्याच्या वरून दुसरंच काहीतरी धावत आलं आणि थोरलीला ते काय आहे हे ओळखायला वेळ लागला. किती सुंदर आहे हे! एवढंच होतं ते. हिनं केलंय, आणि किती सुंदर आहे, आणि हिला ते दिसतंय, आणि ही हसतेय. यात आपलं काही नाही. नसू दे. छातीत असं काही भरून आलं की घण हलका झाला.

पानाचं टोक अजून थोडं सरळ होतं. रंग उतरायला लागला होता. एक घाव बसेल, फार तर दोन. धाकटी माझ्याशी कधी बोलेल, बोलेल की नाही, संध्याकाळी जेवायला एका ताटाशी बसेल की नाही, लांब सांडशी भिंतीवर परत कधी जाईल... थोरलीनं घण डोक्यावर घेतला. जमू दे, असं ती मनात म्हणाली. देवाला म्हणाली की बाबांना, की त्या लोखंडालाच, तिचं तिलाच कळलं नाही. जमू दे गं बाई हिला. आणि हातोडी कुठं पडते त्याच्याकडे ती जीव डोळ्यांत आणून बघत राहिली.